भर दुपारचा सराव

प्रिय आई,

गुडघे कसे आहेत? तू अजून रोज तलावावर जातेस, पोरींना पोहायला शिकवतेस, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. छान. इथं लेक शाळेला निघाली की मी आधी फोनवर त्या दिवसाचा यूव्ही, म्हणजे उन्हातल्या घातक किरणांचा आकडा, बघते. आकडा तीनच्या पुढं गेला की टोपी, पूर्ण बाह्या आणि उन्हाचं क्रीम. आठाला पोचला की दुपारचं बाहेर खेळणं बंद. काल आभाळ भरून आलं होतं, तरी सात होता. लेक कुरकुरते, पण ऐकते.

तू मात्र म्हणायचीस, "आभाळ आलंय, आज ऊन कुठंय?" आणि तलाव रिकामा मिळतो म्हणून ताईला नि मला भर बाराला पाण्यात उतरवायचीस. स्वतः छत्रीखाली, गॉगल लावून. ताईनं लांब बाह्यांचा पोशाख मागितला, तर सगळ्या मुलींसमोर म्हणालीस, "लोणी आहेस का, वितळायला?" आमच्या पाठी सोलून निघायच्या. ताई पालथी झोपायची. कातडी काय, जाते आणि येते, हे तुझं औषध.

मग ताईच्या खांद्यावरचा तीळ पसरायला लागला. कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला. "भाग्याचा आहे, स्पर्धा होऊ दे, मग दाखवू," म्हणालीस. स्पर्धा झाली, पदक आलं. दाखवायला मात्र उशीर झाला, कातडीचा कॅन्सर आत पसरला होता. ती शेवटचे दिवस मोजत असताना तू तलावावर होतीस, कारण मुलींचा सराव बुडत होता. वर लोकांना सांगतेस, पोरीचं नशीबच खोटं. नशिबाला कशाला बोल लावतेस? ते बिचारं काही शिट्टी घेऊन काठावर उभं नव्हतं.

आता मुद्द्याचं. माझ्या पोटरीवरचा डाग काढला, तोही तसलाच निघाला. जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलाय. औषधं चालू आहेत. डॉक्टर आशा सोडत नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत. मला काही झालं तर लेकीला तिचे बाबा आणि आत्या सांभाळतील. परवा फोनवर तू म्हणालीस, पोरीचे खांदे अगदी ताईसारखे आहेत, सुट्टीत पाठव, घडवते तिला. तेव्हाच ठरवलं. मी गेल्यावर तू रडत येशील, तिला पोटाशी धरायला बघशील, हे मी ओळखून आहे. आत्याला सांगून ठेवलंय, दार उघडायचं नाही.

नाइलाजानं तुझीच,
धाकटी