पाचांची तुकडी की अकरांची

३ जून, मंगळवार

पाच! ठरलं. एका तुकडीत पाचच शिपाई. बाकीच्यांना बसू देत दहा-दहांचे कळप घेऊन. माझा हिशोब सरळ आहे — टेबलावर जिंकायची ठाणी सहा, ती वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकाच जागी गर्दी करून काय मिळणार? छोट्या तुकड्या पसरायच्या, जिथे मोकळं तिथे घुसायचं.

बावीस तारखेला एग्मोरच्या क्लबात टेबलावरच्या लढाईची जोडीची स्पर्धा. माझे जोडीदार अप्पा. सासरा आणि सून अशी जोडी क्लबात आजवर कुणी पाहिलेली नाही. पाहतील!

शिपाई खरे वेंकटचे. लग्नाआधीपासून जमवलेले, बोटाच्या पेराएवढे. सिंगापूरला जाताना कपाटात ठेवून गेला. मी धूळ पुसायला काढले आणि खेळायलाच लागले. आता नवऱ्यापेक्षा बरी खेळते. त्याला अजून सांगितलेलं नाही.

४ जून, बुधवार

वेंकटचा फोन. पुन्हा तेच. "तू ये इकडे. अप्पा राहतील हरिणीकडे कोइंबतूरला. महिनाअखेर नक्की सांग." पी हळद आणि हो गोरी! तिथलं घर दोघांपुरतंच आहे, हे मान्य. पण सासूबाई गेल्यावर अप्पा वर्षभर जिना उतरले नव्हते. आत्ता कुठे माझ्याबरोबर क्लबात येतात. त्यांना उचलून मुलीकडे पाठवायचं? मी सांगितलं — अप्पांची नीट सोय झाल्याशिवाय मी हलणार नाही. त्याने फोन ठेवला. या मुद्द्यावर तो नेहमीच फोन ठेवतो.

८ जून, रविवार

अप्पांना पाच मान्य नाही! मला लाडाने अम्मा म्हणत समजावत बसले.

"अय्यो, पाच माणसं म्हणजे तुकडी का ग, अम्मा? तिघं पडले की उरले दोघं. दोघं काय करतील? पळतील."

बरोबर आहे, तसा नियमच आहे. अर्ध्याहून जास्त पडले की फासा टाकून धीर बघायचा. हुकला तर उरलेले पळाले. मी म्हटलं, पळू देत, माझ्या अजून तीन तुकड्या आहेत. ते म्हणाले, "तुज्या असतील. त्या दोघांचं काय?"

असा माणूस! प्लास्टिकच्या शिपायांची काळजी. सांगलीत माझ्या माहेरी कुणी इतका वेळ भाजीवरही वाद घालत नाही. शेवटी वाटणी केली — माझ्या चार तुकड्या पाच-पाचांच्या, त्यांच्या दोन दहा-दहांच्या. त्यांच्यासाठी दोन ट्रकही रंगवायला घेतले. मोठी तुकडी पायी चालवली तर ठाण्यावर पोचेपर्यंत खेळ संपायचा.

१२ जून, गुरुवार

ऑफिसातून आले तर अप्पा भिंग लावून रंगवत बसलेले. दोन शिपाई जादा!

"दहा नक्को. दहावर एक ठेवावा. अकरा शुभ."

सासरचे हे तंजावरचे मराठी लोक इकडे येऊन दोन पिढ्या झाल्या, बोलताना निम्मं तमिळ असतं, पण अहेराच्या पाकिटात वरचा एक टाकायला विसरत नाहीत. आम्हीही विसरत नाही म्हणा. आमच्याकडेही अकरा, एकवीस, एक्कावन्न. खेळाच्या मर्यादेत दोन शिपाई बसत होते. म्हटलं, असू दे अकरा. उलट बरंच वाटलं. एक माणूस जास्त म्हणजे एक बंदूक जास्त.

१५ जून, रविवार

शेषाद्री सर सरावाला घरी आले. क्लबाचे पंच. निवृत्त भूगोल शिक्षक, एग्मोरला एकटे राहतात, मेसमध्ये जेवतात. अप्पांच्याच वयाचे. माझी चाल बघून म्हणाले, "फार वेगात जाता तुम्ही." कौतुक समजून ठेवलं.

सराव तासाभरात संपला. मग दोघं म्हातारे गॅलरीत बसले आणि तमिळमध्ये जे सुरू झाले ते जेवणाला हाका मारल्या तरी उठेनात. सांबार तीनदा गरम केलं! सरांनी भात दोनदा मागून घेतला. अप्पा इतके मोठ्याने हसत होते की खालच्या अलमेलू मामींनी चौकशी केली.

१८ जून, बुधवार

ट्रक झाले. देखणे झालेत. जिंकणार.

२२ जून, रविवार

अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

पहिलाच डाव. मी ऐटीत म्हटलं, "अप्पांच्या तुकड्या ट्रकमध्ये." शेषाद्री सर वाकले, मोजलं, चष्मा काढला. "ट्रकमध्ये दहाच बसतात, मॅडम."

मग एकाला उतरवते, म्हटलं. तेही चालत नाही. तुकडी फोडता येत नाही. चढले तर सगळे, नाहीतर कुणीच नाही. हे मला माहीत होतं! दोन्ही नियम पाठ होते. पण शुभाचा एक वर ठेवताना ट्रकातल्या जागा कोण मोजतं? आहेर देताना पाकिटात मावेल का, असं कधी कुणी विचारलंय? समोरची पोरं तोंडावर हात ठेवून हसत होती. कानाची पाळी गरम झाली माझ्या.

अप्पांकडे बघायची हिंमत होईना. तर ते ट्रक शांतपणे खाली ठेवत होते. "सरि, ठीक. सगळे चालतील."

आणि चालले! बावीसच्या बावीस, इंच-इंच, गोळ्या खात. माझ्या चार तुकड्या केव्हाच पुढे पोचल्या होत्या — चार कोपऱ्यांत, चार ठिकाणी एकट्या. तीन पडले, दोन पळाले. पुन्हा तीन पडले, दोन पळाले. माझं स्वच्छ गणित तासाभरात टेबलावरून साफ! अप्पांची अर्धी माणसं पडली, पण कुणी पळालं नाही. शेवटच्या फेरीत त्यांनी मधलं ठाणं घेतलं आणि सोडलं नाही.

सहा जोड्यांत आम्ही चौथे. मला राग यायला हवा होता. आला नाही. शेषाद्री सर जेवायला आमच्याकडेच निघाले. मेट्रोत अप्पा त्यांना तोच डाव पुन्हा सांगत होते, जणू सर तिथे नव्हतेच. मी शेजारी उभी राहून ऐकत होते. इतकं छान मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पाचांची तुकडी मात्र वाईट नाही. आणि पुढच्या वेळी पंचाऐवजी मीच आधी मोजेन.

२४ जून, मंगळवार

अप्पांनी सकाळी कॉफी घेता घेता सांगितलं. शेषाद्री सर पहिल्या तारखेपासून आमच्याकडे राहायला येतायत. मागची खोली त्यांना. स्वयंपाकाला बाईही बघून ठेवली. मला न विचारता! वेंकटशी रात्रीच बोलणं झालंय. तो आनंदात आहे, तिकीट काढतोय. "माज्यासाठी अडून राहू नको ग, अम्मा. आम्ही दोघं आहोत नव्हे?"

त्यांना वाटलं, मी आनंदाने उडी मारेन. मी उठून न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि रडले. त्यांच्यासाठी नाही. ते मजेत आहेत, मजेत राहतील.

मला वेंकटकडे जायचं नाही.

मलाच जायचं नाही.