व्होडकाची परीक्षा तळहातावर

मंगळ., ४ नोव्हें.
दिलप्यानं हॉलच्या कोपऱ्यात बार मांडला. काचेचं कपाट, आत निळा दिवा. देव्हाऱ्यात अजून झिरोचाच. व्हिस्की, रम भरून झाली, व्होडकापाशी अडलंय. दोन क्वार्टर आणलेत. तिसरी मोठी परदेशी बाटली, त्याच्या कॉलेजपासूनच्या दोस्तानं, कुलकर्ण्यानं, मे महिन्यात परदेशातल्या पोराकडून येताना आणलेली. एक पेग स्वतः चाखून दिली म्हणे.
"माय, तुझं नाक लागतं." साठीला आलं पोर, अजून मायचं नाक पायजे.
लिहितीय नातसून ऋतुजा. मला अक्षर नाय, तिला दम नाय. मधीच हसते. हे बी लिही.

बुध., ५
परीक्षा झाली. मालक, दिलप्याचे वडील, कन्नडला साखर कारखान्यात, स्पिरिटच्या खात्यात होते. त्यांनी शिकवलेलं: चार थेंब तळहातावर घ्यायचे, चोळायचे, वाळू द्यायचे, मग हुंगायचं. मळीचा वास मागं राहिला तर माल कच्चा. काहीच राहिलं नाय तर पक्का.
पहिली: मळी. उसाच्या गाडीमागं चालल्यावानी.
दुसरी, धान्याची: आली तशी गेली. शहाणा पाहुणा.
परदेशी: वाळेचना. चोळते, चोळते, हात ओलाच.
मी म्हणलं, "दिलप्या, ही फ्रीजरमधी टाक. मग सांगते."
ऋतुजाचं पेन थांबलं. "आज्जी, पुढं?"
पुढं परवा.

शुक्र., ७
बर्फ. खरी व्होडका घरच्या फ्रीजरात गोठत नाय. हिला गळ्यापाशी जाड साय धरली.
दिलप्या लई भडकला. "चाळीस वर्षांचा दोस्त, आन् मला पाणी पाजतो! रविवारी येऊ दे. चारचौघांत विचारतो, नायतर दोस्ती खलास."
सुशीला, सूनबाई, पोहे परतत होती. "बरंच झालं. तो बारच उचला तिथून."
कुलकर्णी कंजूस हाय, खोटा नाय. आन् बाटली सहा महिने होती कुठं? ऋतुजाच्या खोलीत, माळ्यावर.
पोरगी म्हणते, आज अक्षर बारीक आलंय. मला काय, मुंगी ल्हान काय न् मोठी काय.

शनि., ८
ऋतुजाला सरळ विचारलं नाय. नुसतं म्हणलं, "जारचं पाणी घातलंस का नळाचं?"
पेन खाली. रडली. मग नाक पुसत, "फिल्टरचं, आज्जी."
शनिवारी कंपनीतून आली की दोन घोट, लिंबू पिळून. माहेरी मैत्रिणींत उघड घ्यायची. निखिलला, तिच्या नवऱ्याला, ठावं हाय. सासूला कसं सांगणार? आपल्याकडं बाप्यांनी बसायचं, बायांनी शेंगदाणे तळून न्यायचे.
दोन घोटाचं मला काय नाय. पण कुलकर्ण्याच्या माथी नको. चाळीस वर्षांची दोस्ती जाईल.
"तुम्हीच सांगा ना, आज्जी."
"चोरी तुझी, तोंड बी तुझंच."
दिलप्याला मी जाणते, दहा मिनिटं वरडंल न् जेवायला बसंल. सुशीलाचं सांगता येत नाय. तिनं बत्तीस वर्षं ताटल्या नेल्यात.
"हे लिहू का?"
लिही. वही आपली हाय.

रवि., ९
व्होडका ठरली. धान्याची, देशी. माझा शब्द शेवटचा.
सहाला कुलकर्णी आला, हातात पेढे. दिलप्या बस बी म्हणला नाय. परदेशी बाटली त्याच्यापुढं आदळली. "ही ओळखतोस का?"
कुलकर्णी आपला चष्मा शोधतोय. मी ऋतुजाकडं बघितलं नाय. बघितलं असतं तर मीच बोलले असते.
उठली. "बाबा, काकांचं काही नाही. मी प्यायले. पाणीही मीच घातलं."
मग कुलकर्णी हसला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. "दिल्या, तू माझ्यावर शक घेतलास व्हय रे? आता पेढे परत दे." वरडायचं सोडून दिलप्यानं पेढाच तोंडात टाकला.
सुशीला दारात, शेंगदाण्याची ताटली घेऊन. "कधीपासून?"
"मेपासून, आई."
ताटली टेबलावर ठेवली. कुलकर्ण्याला म्हणाली, "भावजी, जेवूनच जायचं." आन् आत गेली. ऋतुजाला हाकही मारली नाय.
पाहुणा जेवून गेला. दोस्ती शाबूत. सुशीला आत एकटीच भांडी पुसून लावतेय. पोरगी दर ओळीला विचारते, आज्जी, आई रागावल्यात का?
मला काय विचारतीस. ठेव ते पेन. जा आत, तिच्या हातातला कपडा घे, न्