मार्मोटांच्या दारात ठेवलेली नान

थोरल्या बहिणीस, बातमा एजेंना, धाकट्या सायराचा सलाम. अल्लाच्या मेहेरबानीने इकडे कुरणावर माणसं, मेंढ्या आणि घोड्या ठीक. तुमचे गुडघे, भावजींचा खोकला आणि गाभण गाय यांचं कसं काय ते कळवावे.

आता एलनुराच्या स्थळाचं. "मुलगा बिश्केकहून तुमच्याच कुरणावर फोटो काढायला आलाय, तर पारखून सांग, लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे," असं तुम्ही लिहिलंत. पारखला. हा मायरामबेक पहाटेच्या नमाजानंतर निघतो आणि मार्मोटांच्या, त्या गुबगुबीत डोंगरी खारींच्या, बिळांसमोर खणलेल्या खड्ड्यात, अंगावर गवताचं जाळं ओढून, दिवसभर पालथा पडतो. ते भेटताना नाकाला नाक कसं लावतात, कोण कोणाला आधी सलाम करतं, एवढंच त्याला टिपायचंय. आमचे हे म्हणतात, असला जावई करण्यापेक्षा मार्मोटच करा, तो निदान हिवाळाभर बिळात झोपतो, जेवायला मागत नाही. (ह्यांचं मनावर घेऊ नका.)

पाहुणा आपल्या कुरणावर उपाशी पडलेला मला बघवेना, म्हणून नान आणि घोडीचं आंबट दूध घेऊन गेले. (चहा नेला नाही, सकाळच्या पत्तीत अजून दम होता, ती आम्हाला संध्याकाळी पुरली.) माझा डोक्याचा पांढरा रुमाल दिसताच पहाऱ्यावरच्या मार्मोटाने शिट्टी मारली आणि सगळी जमात बिळात. पोरगा चिडला नाही. जाळं उचलून हळूच म्हणाला, "सायरा एजे, आत या, पण बोलू नका."

बसले गप्प. (खरंच.) मग ती जमात बाहेर आली आणि काय सांगू, थेट लग्नघर. म्हातारी दारात बसलेली, येणारा-जाणारा तिला नाक लावूनच पुढे जाणार. एक तरणी तशीच सटकली तर तिला मागून ढुशी. मला आमच्या सासूबाई आठवल्या, अल्ला त्यांना जन्नत देवो.

उठताना मनात आलं, आपल्या दारावरून नानचा घास तोंडात घातल्याशिवाय आजवर कुणी गेलंय का? आणि हे तर शेजारी. बिस्मिल्ला म्हणून बिळांच्या तोंडाशी तुकडे ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी अख्खं खानदान एकत्र, नाकाला नाक, खांद्याला खांदा. असे फोटो त्याला उन्हाळाभर मिळाले नव्हते. संध्याकाळी चुलीपाशी बसून त्याने आम्हाला ते दाखवले आणि एकेक करून सगळे पुसून टाकले.

ह्यांनी त्याला वेडाच ठरवलं. मी विचारलं, अरे, का? तर म्हणतो, "ते एकमेकांना भेटत नव्हते, एजे. तुमच्या नानला भेटत होते."

रागाने मी त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही. (उरलेलं सकाळी चाललं.) पण नमाजाला बसल्यावर उमगलं, जो मार्मोटांच्या बाबतीतही खोटं जवळ ठेवत नाही, तो आपल्या पोरीला काय फसवणार? बेलाशक होकार कळवा. माझी पारख तुम्हाला ठाऊकच आहे.

तुमची,
सायरा

ता. क. एलनुराला लवकर इकडे पाठवा. सोबत चहाची पत्ती द्यावी.

आणखी एक. त्याची अट एकच आहे, बायको खड्ड्यात शेजारी दिवसभर गप्प बसणारी हवी. मी सांगून बसलेय की आमची एलनुरा जन्मापासून अबोल. तेव्हा पाठवण्याआधी तिला निदान एक दुपार तोंड मिटून बसायला शिकवा. तिने तोंड उघडलं की मार्मोट बिळात आणि जावई बिश्केकला.