पोटात स्फटिक असलेलं कासव

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. दाजींचा खोकला आणि तुझी कंबर यांपैकी सध्या कोणाची कुरकुर जास्त? मी ठणठणीत आहे. (चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली आहे, पण ते दुखण्यात धरत नाहीत.)

तुझ्या भावजयीच्या घशाच्या ऑपरेशनला चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले, आवाज घोगरा राहील, पण बोलत राहा. बोलली ना! पहिल्याच आठवड्यात, बंद दाराआडून, "कोण आहे?" बाहेरचा कुरियरवाला म्हणाला, "काका, काकू आहेत का घरात?" झालं. तेव्हापासून तोंडाला कुलूप. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना जिने नुसत्या 'हं' वर शेवटचा बाक गप्प केला, ती पाटीवर 'मीठ कमी' लिहून माझ्यापुढे धरायला लागली. भांडणसुद्धा पाटीवर, ताई! आणि मी उत्तर द्यायच्या आत पुसून मोकळी.

मागच्या महिन्यात आमच्या दगड घासायच्या कारखान्यात नारळाएवढा एक गोटा आला. वरून इतका ओबडधोबड की कुणी पायरीलाही लावणार नाही. करवतीवर चिरला, तर आत पोकळी आणि तिच्या भिंतीवर फिकट जांभळ्या स्फटिकांची दाटी. मालकांकडून तो मागून घेतला. म्हटलं, कासव कोरू, पोटाची पोकळी उघडी ठेवू आणि हिला देऊ. पंधरा दिवस घासत होतो. आधी मुंडकं उडालं (हा दगड मानी, जरा जास्त दाबला की तुटतो). मग मान आत घेतलेलं कासव करायचं ठरवलं, तर मागचा पाय गेला. मुकादम म्हणाला, "बटाटा झकास जमलाय." घरी हिने ते खिडकीपाशी नेऊन उलटंपालटं केलं, पोटात बराच वेळ बघितलं आणि पाटीवर लिहिलं, 'बटाटा का?'

रविवारी शेजारचे शिंपी माझी विजार द्यायला आले. त्यांनी विचारलं, हे स्फटिक आत गेले कसे? मी अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाने ठासून सांगितलं, की पेरूसारखं असतं. आधी बिया, म्हणजे स्फटिक, आणि मग भोवती दगडाचा गर धरतो. थंडी कडक असली तर एका रात्रीत काम होतं.

स्वयंपाकघरातला झारा थांबला.

"अहो, थांबा! काय वाट्टेल ते सांगताय त्यांना!"

ताई, आवाज आमच्या कारखान्यातल्या सगळ्यात खरखरीत चाकासारखा. पण प्रत्येक शब्द सुटा. ओल्या हातांनीच बाहेर आली. म्हणाली, तापलेला लाव्हारस थिजताना त्यात वायूचा बुडबुडा अडकतो आणि तिथे पोकळी राहते. मग खडकातून पाणी झिरपतं, ते सोबत विरघळलेली सिलिका आणतं, म्हणजे वाळूत असते तीच. ती भिंतीवर थरावर थर बसते, आणि मग स्फटिक आतल्या बाजूला वाढत जातात. हजारो, कधी लाखो वर्षं. "एका रात्रीत म्हणे!"

शिंपी कधी उठून उभे राहिले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. भीत भीत त्यांनी विचारलं, मग आतला रंग कुठून येतो? हिने लोखंडाचा अंश समजावला. मध्ये ठसका लागला म्हणून मी पाण्याचा पेला पुढे केला. "पाणी नंतर," म्हणाली, "आधी तुम्ही सगळं परत सांगा." तीनदा सांगितलं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा मी मध्येच चष्मा काढून पुसायला लागलो, तर म्हणाली, "नाटकं नकोत, पुढचं सांगा."

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. शिंप्यांना वाटतं, मी हिला बोलतं करायला मुद्दाम चुकीचं सांगितलं. त्यांनी माझं कौतुक केलं, मी करून घेतलं. ताई, तुला खोटं सांगवत नाही. अठ्ठावीस वर्षं मला ते पेरूसारखंच वाटत होतं.

आणखी एक. पत्र खरं तर यासाठीच लिहिलं. रोज चारच्या सुमाराला, मी कामावरून येतो तेव्हा, हिला फोन करशील? घशाचं विचारू नकोस. भूकंप, ग्रहण, काहीही विचार. मी मध्ये बोलणार नाही. बाहेर पायरीवर बसून नुसता ऐकेन.