तीन की चार

प्रिय वैभवी,

हे फोनवर बोलता येत नाही, कारण हल्ली तुझा फोन आला की बाबा लगेच शेजारी येऊन बसतात. आत्ता ते बाल्कनीत उन्हाला बसलेत, म्हणून लिहायला घेतलंय. इथे दिल्लीत, आर. के. पुरमला, परवापासून जरा बरं ऊन पडतंय.

हॉस्पिटलच्या अभ्यासात बाबांना चार नंबर मिळाला, हे तुला रडतच सांगितलं होतं. स्ट्रोकनंतर माणूस किती परावलंबी झालाय हे मोजायची त्यांची एक पट्टी आहे. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, पाच म्हणजे अंथरुणातून उठणंच नाही. चार म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही, स्वतःचं आवरता येत नाही. आणि मग डॉक्टर देविकांचा फोन आला. त्यांनी चार दिला त्याच सकाळी डॉक्टर चैतन्य यांनीही बाबांना वेगळं तपासलं होतं, आणि त्यांनी तीन दिला होता, म्हणजे थोडी मदत लागते, पण आधाराशिवाय चालता येतं. म्हणून आम्हाला पुन्हा बोलावलं.

मला रागच आला. दोन थर्मामीटर एकाच माणसाचा ताप इतका वेगळा दाखवतील का, असं मी जाऊन सरळ विचारलं. देविकाला वाईट वाटलं नाही. म्हणाली, आंटी, हम यही तो जाँच रहे हैं. ही पट्टी प्रश्नांवर चालते. कोण विचारतं आणि कोण उत्तर देतं, त्यावर आकडा हलतो. दोघांचे आकडे किती वेळा जुळतात, हाच त्यांचा अभ्यास. मग माझ्या लक्षात आलं. चैतन्यनी विचारलं तेव्हा मी औषधांच्या खिडकीपाशी रांगेत होते. देविकाला सगळी उत्तरं मी दिली होती.

या वेळी प्रश्न ठरलेले होते, दोघं डॉक्टर एकत्र बसले होते, आणि मला भिंतीपाशी बसवून बोलायचं नाही असं सांगितलं होतं. कपडे स्वतः घालता का, असं देविकानं विचारलं. स्ट्रोकपासून बाबांचे शब्द अडतात, तसे तेव्हाही अडले. वैभवी, उत्तर माझ्या जिभेवर होतं. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हातानं स्वेटर काढायला सुरुवात केली. काढला. मांडीवर नीट पसरला. मग निर्जीव उजवा हात उचलून आधी त्याच्या बाहीत सरकवला, डोकं घातलं, डावा हात घातला, आणि स्वेटर कडेनं खाली ओढून घेतला. किती वेळ गेला कोण जाणे. कुणी मदतीला हललं नाही. मग ते उठले आणि कशालाही न धरता दारापर्यंत जाऊन आले. मी तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिले.

दोघांनी वेगवेगळं लिहिलं. दोघांचंही तीन आलं.

रिक्षात मी विचारलं, हे कधी शिकलात? म्हणाले, तू... बाजारात... गेलीस की. मग रोज सकाळी कपडे माझ्याकडून का घालून घेता? खूप वेळ शब्द शोधला त्यांनी. सफदरजंगचा उड्डाणपूल संपेपर्यंत. मग म्हणाले, तुला... बरं... वाटतं.

 मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळतेय. एवढ्या मोडलेल्या शरीरात बसून हा माणूस मला सांभाळत होता. ते कुठल्याही पट्टीवर येणार नाही, पण ते असतं, हे मी पाहिलंय.

आता मूळ गोष्ट. अरुणाचलातलं पुलाचं काम सोडून आमच्याजवळ गाझियाबादच्या ऑफिसात बदली मागायचं तुझं चाललंय, हे तुझ्या मैत्रिणीकडून, शिवांगीकडून कळलं. मी सांगितलेल्या त्या चारवरून तू ठरवलंस ना? तर ते उत्तर माझं होतं, बाबांचं नव्हतं. काल त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, येऊ दे का तिला? आणि या वेळी मी त्यांच्या आधी बोलले नाही. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग एकेक शब्द जोडत जे विचारलं, ते तुला जसंच्या तसं कळवतेय: पुलाचे... खांब... उभे... राहिले का?

त्याचं उत्तर मला देऊ नकोस. त्यांनाच फोन कर, आणि ते बोलेपर्यंत थांब.

दोघांच्या मायेसह,
तुझीच,
आई