अनुपमा सिस्टरांच्या कळा

३ फेब्रुवारी
आज जॉईन झाले! चारकोपचं छोटंसं प्रसूतिगृह आणि त्याच्या लेबर रूमची नवी स्टाफ नर्स मी, चेतना. निघताना आईने बुद्धवंदना घेतली आणि खिरीची वाटी हातात दिली. लेबर रूम लहान आहे, पण भरपूर उजेडाची. खिडकीतून समोरच्या इंडस्ट्रियल इस्टेटचे पत्रे दिसतात. इनचार्ज अनुपमा सिस्टरांनी कामाचा क्रम सांगितला. बाई आली की आधी बाळाचे ठोके, मग बीपी. डाव्या कुशीवर वळवायचं, लघवी तुंबू द्यायची नाही, दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी द्यायचं. सगळं पाठ आहे, तरी ऐकताना मस्त वाटलं. शकुमावशी म्हणून आया आहेत, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. त्यांनी झकास चहा पाजला.

५ फेब्रुवारी
माझी इथली पहिली डिलिव्हरी! मुलगा, आल्याआल्या टाहो फोडला. त्याची आई माझे आभार मानत होती. म्हणाली, सिस्टर, तुम्ही पाठ चोळत होतात म्हणून निभावलं, फक्त हात फार गार होते तुमचे. मी तिच्या पाठीकडे गेलेच नव्हते, पुढे उभी राहून ठोके ऐकत होते. शकुमावशींना विचारलं, तर त्या पोछा उचलून बाहेर गेल्या.
एक गोष्ट खटकते. अनुपमा सिस्टर ओरडणाऱ्या बायकांच्या मांडीवर चापट मारतात. त्याशिवाय जोर लावत नाहीत म्हणे.

८ फेब्रुवारी
आज भर दुपारी अनुपमा सिस्टरांनी एका बाईला चापट मारली आणि स्वतःच किंचाळल्या. त्यांच्याच मांडीवर बोटं उठली होती. मग पोटात कळ आली. थांबली. परत आली. मी हात ठेवून पाहिला. पोट दगडासारखं कडक, मग सैल, मग पुन्हा कडक. त्यांची गर्भपिशवी काढून कित्येक वर्षं झालीत! मोठ्या हॉस्पिटलात हलवलं.

९ फेब्रुवारी
शकुमावशी आज बोलल्या. गेल्या वर्षी ८ फेब्रुवारीलाच दहिसरची रुचिरा नावाची मुलगी बाळंतपणाला आली होती. खूप ओरडत होती. अनुपमा सिस्टरांनी तिला मारलं, ओरडून दमेल म्हणाल्या आणि दार लावून जेवायला गेल्या. ठोके कुणी ऐकलेच नाहीत. आत तिची पिशवी फाटली. दार उघडलं तेव्हा आई आणि बाळ, दोघंही गेली होती.
"ती खंय जाणा नाय गो," मावशी म्हणाल्या. "बायकांची पाठ चोळता. पण जो हात उचलता, तेका सोडणा नाय."

१२ फेब्रुवारी
अनुपमा सिस्टरांना भेटून आले. सोनोग्राफी नॉर्मल. कळा चालूच. कुठल्याच इंजेक्शनने झोप लागत नाही. ओठ चावून फाटलेत. ती खाटेशी उभी आहे, तिला सांग मला सोड, असं मला विनवत होत्या.
खरं लिहिते, मला वाईट वाटलं नाही. रुचिरा, बरं केलंस.

१४ फेब्रुवारी
अनुपमा सिस्टर गेल्या. शेवटपर्यंत कळा.
आज दोन बायका एकदम आणि मी एकटी. त्यातली जान्हवी ऐकेचना. बाळाचं डोकं दिसतंय आणि ही पाय मिटून घेतेय. बाळ गुदमरेल म्हणून मी — नाही. राग आला म्हणून. फाडकन मारली.
मुलगी झाली. छान रडली. दोघी सुखरूप.
जान्हवी माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होती.
मांडी जळतेय. बघायची हिंमत नाही.

१५ फेब्रुवारी
कळ. लेबर रूममध्येच आडवी झालेय. शकुमावशी दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, तोंडाला पदर लावून मागे फिरल्या.

बाहेर ऊन. इस्टेटचा भोंगा.

पुन्हा. पोट दगड.

डाव्या कुशीवर वळले. पाठीवर हात नाही. बाकीच्यांना मिळतो — मला नाही —

समोर बसलीय. माझ्या पोटाला कान लावून ठोके ऐकतेय. माझ्या पोटात कुणाचे —
मलाही ऐकू येतात

पाया पडले. एकदाच मारलं गं, एकदाच. म्हणाली, अजून खूप वेळ आहे.

ओरडलीस तर दार लावून जाईन म्हणाली. मी ओरडत नाहीये. बघ ना, मी कुठे ओर