शिंकेची आई

प्रिय भिंगरी,

दिवस भरत आलेत, आई, आता तरी ये, असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. पहिल्यांदा मी सुट्टी नाही म्हणाले, दुसऱ्यांदा गुडघे दुखतात म्हणाले. दोन्ही थापा. सुट्टी मी मागितलीच नाही, आणि या गुडघ्यांनी मी अजून तुझ्या बाबांना पळण्यात हरवीन.

इस्पितळाच्या धुलाईत माझं तेच चाललंय. लहान मुलांच्या खाटांच्या चादरी मी कुणाला हात लावू देत नाही. चार घड्या, दर घडीला प्रभूला एक शब्द: राख, सांभाळ, उठव, घरी पाठव. इस्त्रीवाली म्हणते, मावशी, तुझा देव काय घड्या मोजत बसलाय? मी म्हटलं, तू तुझी इस्त्री बघ, जाळशील. पण तुझी बातमी आल्यापासून घडी वाकडी पडते, मी मोडते, पुन्हा घालते.

आता एका दमात लिहिते, थांबले तर राहून जाईल. तू माझी पहिली नाहीस. तुझ्याआधी मुलगा होता, आठ महिन्यांचा. एका सकाळी त्याचं अंग तापलं. बाबा कामावर गेलेले. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे. प्रार्थनेच्या बायका जमल्या. त्यातली मोठी म्हणाली, डॉक्टरकडे धावलीस तर प्रभूवर विश्वास कसला? मी वीस वर्षांची, अक्कल गहाण टाकलेली. त्याला मांडीवर घेऊन गुडघ्यांवर बसले ती दुपारपर्यंत. मग तो शांत झाला, अंग गार लागलं. ताप उतरला म्हणून आम्ही सगळ्यांनी हालेलुया म्हटलं.

कळलं ना तुला?

दफनाला पाळकसाहेब आले, त्यांनी एवढंच विचारलं, बाई, डॉक्टरला कुणी घडवलं? बाबांनी तर कधी बोलच लावला नाही. तेच जास्त लागतं. पुढे तू झालीस, आणि तू शिंकलीस तरी तुला उचलून मी दवाखाना गाठायचे. कंपाउंडर ओरडायचा, आली बघा शिंकेची आई! तू मोठी झाल्यावर या गोष्टीला पोट धरून हसायचीस. मी हसू दिलं.

देवाला मी सोडलं नाही, त्यानेही मला सोडलं नाही, का ते त्यालाच ठाऊक. पण तेव्हापासून मी बसून प्रार्थना करत नाही. चालताना करते, हात कामात असताना करते.

म्हणून हे पत्र. मला यायचंय गं. पण तुझं लेकरू मांडीवर असताना तापलं, तर घाबरून हे गुडघे आपोआप टेकतील, याची धडकी भरलीय. मी डोळे मिटून बसलेली दिसले, तर आई म्हणून मान ठेवू नकोस. लेकरू हिसकावून घे आणि पळ. मी मागून प्रार्थना करत धावेन. एवढं करशील असं लिहून पाठव. मग लगेच तिकीट काढते.

तुझीच,
शिंकेची आई